कोंबड्यांसाठी काय?

उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात मी कागद पसरला. तिथल्या पोरानं एकदा कागदाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"काका, कोंबड्यांसाठी काय?"

सहा एमएम सळईची दोन कडी. खालचं अडीच फुटी, वरचं दीड फुटी, मधे सहा उभ्या सळ्या, उंची एक फूट. बाहेरून अर्ध्या इंचाची जाळी, समोरासमोर दोन नरसाळी, त्यांची तोंडं आतल्या बाजूला. पस्तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस मी, भाकरीचासुद्धा व्यास सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, सांगतो. तेव्हा ड्रॉइंगमध्ये काही चूक नव्हती.

"झिंग्यांसाठी," मी म्हटलं.

त्यानं मागं वळून वेल्डरला हाक मारली. दोघांनी मिळून परत कागद बघितला. "पिंजऱ्यात झिंगे? करतो की, आपलं काय जातंय. पण लावणार कुठं? रंकाळ्यात?"

रंकाळ्यात नाही. पंचगंगेतही नाही, पंचगंगेत काय काय येऊन मिळतं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. उन्हाळा आला की तेरवाडच्या बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच लागल्याची बातमी वाचायची सवयच झालीय आपल्याला. माझी नजर कासारीवर होती. मेव्हण्याचं गाव कासारीकाठी आहे. दिवाळीच्या आधी बंधाऱ्याला बरगे घातले की गावाखालच्या डोहात पाणी तुंबून राहतं. पाणी संथ, कडेला वाळुंजाची झाडं, मुळ्या पाण्यात. लहानपणी अशाच डोहात हातानं झिंगे चाचपलेत मी.

हे पिंजऱ्याचं खूळ डोक्यात आलं ते मात्र लांबून. लेक-जावई अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात असतात, सिॲटलच्या बाजूला. गेल्या वर्षी आम्ही दोघं तीन महिने तिकडं होतो. पहिला महिना मॉल आणि बागा बघण्यात गेला, दुसऱ्या महिन्यात मी त्यांच्या गॅरेजमधली सगळी कुलपं तेल घालून दुरुस्त केली, आणि तिसऱ्या महिन्यात काय करायचं हा प्रश्न जावयाला पडला असावा. एक दिवस म्हणाले, "बाबा, कोळंबी धरायला येणार का? पण तुमचा परवाना काढावा लागेल."

कोळंबी धरायला परवाना! मला वाटलं चेष्टा करतायत. पण खरंच काढला, पैसे भरून.

जागेचं नाव हूड कॅनाल. कॅनाल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं पाटाचं पाणी आलं. प्रत्यक्षात ती समुद्राची चिंचोळी, खोल फांदी निघाली. हिमनदीनं कोरून ठेवलेली. पश्चिमेला ऑलिंपिकचे डोंगर, मे महिन्यातसुद्धा डोक्यावर बर्फ. आणि किनाऱ्याच्या दगडांना जिकडं तिकडं कालवं चिकटलेली. नावाचा कालवा, त्यात खाण्याची कालवं. हा विनोद मी लेकीला तीनदा सांगितला, तिला तो एकदाही आवडला नाही.

तिथली ती कोळंबी धरायला वर्षातले मोजके दिवस उघडतात, आणि त्या दिवशीही सकाळी नऊ ते दुपारी एक एवढीच मुदत. चार तास. आठ वाजताच उतारावर बोटींची रांग लागली होती, पन्हाळ्याला रविवारी लागते तशी. एका माणसाला दोन पिंजरे, पण बोटीत माणसं कितीही असली तरी बोटीला चारच. म्हणजे आम्हा तिघांचे सहा झाले असते, पण नेले चार. एका माणसाला दिवसाला ऐंशी नग, जास्त नाही. आणि प्रत्येकाची बादली वेगळी. सगळा माल एकाच टबात टाकून "आमच्या तिघांचे आहेत हो" म्हणणं चालत नाही. आपल्याकडं एका घरात तीन रेशनकार्डं असतात, त्यातला प्रकार.

बोट सोळा फुटी, ॲल्युमिनियमची. जावयांनी पडद्यावर खोली बघून एका जागी इंजिन मंद केलं. दोनशे ऐंशी फूट पाणी. आमच्या मळ्यातली विहीर आठ परस, तिला गावात खोल म्हणतात. परस म्हणजे सहा फूट. इथं पंचेचाळीसच्या वर परस खाली काहीतरी सोडायचं आणि ते परत वर काढायचं. पिंजऱ्यासाठी दोर चारशे फुटांचा. "पाणी जेवढं खोल त्याच्यापेक्षा दोर बराच जास्त लागतो बाबा, नाहीतर ओढीनं पिंजरा चालायला लागतो आणि बोया पाण्याखाली जातो." दोर बुडणारा हवा, तरंगला तर दुसऱ्याच्या पंख्यात अडकतो. बोया पिवळा, त्यावर मालकाचं नाव-पत्ता.

पिंजऱ्यात मधोमध भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा, त्यात मांजराला घालायचं माशाचं डबाबंद खाणं आणि वरून माशाचं तेल. तो वास असा की ही किनाऱ्यावरच बसते म्हणाली, आणि बसलीच.

मला मात्र त्या पिंजऱ्यातली एकच गोष्ट खिळवून ठेवत होती. जाळीचा एक भाग साध्या सुती दोऱ्यानं शिवलेला. बाकी सगळं नायलॉन, स्टील, आणि मधेच हा दोरा. मी म्हटलं, "हे कुणी कच्चं काम केलंय?" जावई हसले. तो दोरा मुद्दाम सुती असतो, नियमच आहे. पिंजरा हरवला, तळाशीच राहिला, तर दोरा कुजतो आणि ती बाजू उघडते. नाहीतर मालक नसलेला पिंजरा तळाशी बसून धरतच राहतो. आत शिरलेलं मरतं, त्याच्या वासानं दुसरं शिरतं, तेही मरतं.

कारखान्यात आयुष्यभर तुटू नये म्हणून वस्तू केल्या. ठरलेल्या दिवसांनी तुटावी म्हणून केलेली वस्तू पहिल्यांदा हातात घेतली.

चारी पिंजरे सोडले आणि तासभर थांबायचं होतं. लेकीनं भडंगाची पिशवी काढली. कोल्हापूरहून मीच नेलेलं. समोर बर्फाचे डोंगर, खाली पन्नास परस काळं पाणी, तोंडात भडंग आणि वर कच्चा कांदा. आजूबाजूला पिवळे बोयेच बोये, आणि त्यांच्यातून हळूहळू फिरणाऱ्या बोटी.

ओढायला बॅटरीवरची कप्पी होती. पहिला पिंजरा तिनं सुरेख वर आणला, जाळीत आतून कुणीतरी टाळ्या वाजवाव्यात तसा फडफडाट. एकतीस नग. तांबूस-नारिंगी, अंगावर पांढरे ठिपके, डोक्याच्या मागं दोन आणि शेपटीच्या आधी दोन, चक्क पंच मारल्यासारखे. दुसऱ्या पिंजऱ्याला कप्पीनं मान टाकली. बॅटरीची तार सैल होती, हे मला नंतर दोन मिनिटांत सापडलं. पण तोवर "मी ओढतो" म्हणून बसलो होतो. दोनशे ऐंशी फूट ओला दोर त्रेसष्टाव्या वर्षी हातानं ओढणं ही गोष्ट कुणाला सांगू नका. रात्री चमचा धरवेना.

दिवसभराचे (म्हणजे चार तासांचे) एकशे एकतीस. तिघांची मर्यादा दोनशे चाळीस होती, तिच्या जवळपासही नाही. त्यात मोठ्या होत्या त्या बहुतेक सगळ्या माद्या. हा जीव जन्मतो, पहिली दोनेक वर्षं नर असतो, आणि मग मादी होतो. साधारण चार वर्षांचं आयुष्य, त्यात दोन्ही संसार उरकतो. जावयांनी हे सांगितल्यावर लेक म्हणाली, "बघा, शहाणपण आलं की कोण होतात ते."

किनाऱ्याला लागल्या लागल्या डोकी काढायची. ही तिथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मेल्यावर डोकं तसंच राहिलं तर त्यातला रस मांसात उतरतो आणि शेपटी पिठासारखी मऊ पडते. धडाधड मुरगळायची आणि धड बर्फात टाकायचं. संध्याकाळी हिनं आपली कांदा-लसूण चटणी काढली. अर्ध्या मालाला ती लावली, अर्धा नुसता मिठाच्या पाण्यात दोन मिनिटं उकडला. खाऊन म्हणाली, "ह्याला साखर लावलीया काय कुणी?" चटणी लावलेला भाग कुणी जास्त खाल्ला नाही. कोल्हापूरच्या बाईनं चटणीचा पराभव कबूल केल्याची ही एकमेव नोंद असावी.

तर परत आल्यावर मी उद्यमनगरात गेलो. चार पिंजरे, जाळीसकट. किंमत सांगत नाही, ही पण वाचते.

जानेवारीत पहिला प्रयोग. मेव्हण्याला वाटलं दाजी ऊस बघायला आलेत. गाडीतनं पिंजरे काढले तेव्हा तोही तेच म्हणाला. कोंबड्यांचं.

बोट नव्हती. गावात नाव आहे, पण ती त्या आठवड्यात पलीकडच्या काठाला, तळ फुटून पालथी. मेव्हण्याच्या गुऱ्हाळघराच्या मागं मात्र जुनी काहील पडली होती. गुळाची. आठ फूट व्यास, बुडाला ठिगळ मारलेलं, रस उकळायला निकामी, पण पाण्यावर चालणारी. पुरात काहिलीत बसवून माणसं पलीकडं नेणं आमच्या भागाला नवं नाही. मी मात्र पहिल्यांदाच बसत होतो.

काहील पुढं जात नाही. ती फिरते. एक वल्हं डावीकडं मारलं की गर्रकन उजवीकडं, उजवीकडं मारलं की गर्रकन डावीकडं. मेव्हणा समोर उकिडवा, मी इकडं, मधे चार पिंजरे आणि पेंडीचं घमेलं.

"दाजी, हलू नगासा, कलंडंल!"

"मी नाही हललो, काहील हलली."

"काहील कशी हलंल? तिला काय पाय हाईत?"

मांजराचं खाणं इथं कुठं शोधणार? चाऱ्याला मी शेंगदाण्याच्या पेंडीत कोंबडीची आतडी मिसळली होती. नदीतला झिंगा रात्री फिरतो, दिवसा मुळ्यांत आणि दगडाखाली दडून बसतो. त्यामुळं संध्याकाळी लावायचे आणि पहाटे काढायचे. पाणी जेमतेम दोन परस. बारा फूट पाण्याला मी वीस फूट दोर दिला, बोया म्हणून पिवळ्या रंगाचे तेलाचे रिकामे डबे, त्यावर माझं नाव आणि मोबाईल नंबर रंगानं. मेव्हणा म्हणाला, "नंबर कशाला? झिंगं फोन करणार काय?"

पहाटे थंडी मरणाची होती. नदीवर धुकं, पलीकडच्या गुऱ्हाळाचा धूर त्यात मिसळलेला, काकवीचा वास. पहिला पिंजरा उचलला तर जड. आनंदानं काहील कलंडता कलंडता राहिली. आत खेकडं. सात खेकडं, एक शिंगट्याचं पिल्लू, आणि झिंग्यांचे पाय. फक्त पाय. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात नुसता चिखल. चौथ्यात एक वांब, सापासारखा लांब मासा, ती जाळीतनं निम्मी बाहेर आली होती आणि आमच्याकडं बघत होती.

खेकड्यांचा रस्सा झाला, चांगला झाला. पण मला झिंगे हवे होते.

दुपारी नदीवर एक भोई आजोबा जाळं वाळवत होते. आमच्या सासऱ्यांना ओळखणारे. मी त्यांना पिंजरा दाखवला. त्यांनी तो चारी बाजूंनी फिरवून बघितला, जाळीला हात लावून बघितला, आणि मग नरसाळ्याच्या आतल्या तोंडातनं स्वतःची मूठ घातली. ती सहज गेली.

"पाव्हणं, दार कुणासाठी ठिवलंय? ह्यातनं माझा नातू जाईल."

तोंड तीन इंच होतं. तिथल्या पिंजऱ्याचं होतं तेवढंच, मी मापून आणलं होतं. मापात चूक नव्हती, माप दुसऱ्याच पाण्याचं होतं. तिथला तो ठिपकेवाला जीव वीतभर, शिवाय त्याला मोठ्या नांग्या नाहीत. आपला कासारीतला झिंगा बोटाएवढा, आणि नराच्या पुढच्या नांग्या अंगापेक्षा लांब. तीन इंचांच्या दारातनं झिंगा जातो, पण त्याच्या मागून त्याला खाणारा पण जातो.

आजोबांनी खोपटातनं त्यांचा जुना सापळा आणला. बांबूच्या कामट्यांचा, लांबट, एका टोकाला निमुळता. त्याच्या आत कामट्यांचंच नरसाळं, कामट्या टोकाला तासून आत वळवलेल्या. तोंड दोन बोटं. तीच करामत. जाताना वाट रुंद, येताना काट्यांत. दुसऱ्या खंडातून मी जे ड्रॉइंग काढून आणलं ते ह्या खोपटात छताला टांगलेलं होतं, माझ्या जन्माच्या आधीपासून. मी तरी काय, लहानपणी बघितला असणारच की. पण तेव्हा तो नुसता भोयाचा सापळा होता.

"आन् आतडी नगं," ते म्हणाले. "आतड्याला खेकडं पळत येतंय. शिळी भाकरी कुस्कर, पेंड घाल, फडक्यात बांध. झिंगं हळूहळू खातंय, त्येला घाई न्हाई."

रात्री मेव्हण्याच्या अंगणात बसून मी पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्यांचे गळे कापले. बाटलीचं तोंड आतून जेमतेम सात सूत भरतं. आजोबांच्या दोन बोटांपेक्षाही बारीक. गळा उलटा करून नरसाळ्यात बसवला, तारेनं आवळला. मेव्हण्याची धाकटी बॅटरी धरून उभी. आणि मग जाळीची एक बाजू, वीतभर, तारेतून सोडवून सुतळीनं शिवली. मेव्हणा म्हणाला, "तार हाय की दाजी, सुतळी कशापायी?" मी कारण सांगितलं. तो गप्प बसला, मग म्हणाला, "हितं बारा फूट पाण्यात कोण हरवतंय?"

दुसऱ्या पहाटे पहिल्या पिंजऱ्यात एकोणीस झिंगे. एकही खेकडं नाही. काचेसारखे, करडे, डोळे काळे मोहरीसारखे, आणि नांग्या जाळीतनं बाहेर काढून हवेत काहीतरी शोधणारे. चारी मिळून चौसष्ट. चार-पाच जणींच्या पोटाखाली अंडी होती, त्या तिथंच सोडल्या. कासारीला ऐंशीची मर्यादा कुणी घातलेली नाही, पण मी आपली मनाशी घालून घेतली. डोहाचं पाणी केवढं, आपली भूक केवढी. आणि आजोबांचं पोट त्याच डोहावर आहे, माझी हौस आहे. म्हणून महिन्यातनं एकदाच, शनिवारी रात्री, आणि आजोबांच्या जाळ्याच्या वरच्या अंगाला. त्यांना आधी विचारून. राधानगरी, काळम्मावाडीसारख्या धरणांच्या पाण्यात तर मासेमारीचा ठेका संस्थांकडं असतो, तिथं असं काहील घेऊन उतरायचं कुणी डोक्यात आणू नये.

हिनं ते वांग्यात घातले. काळ्या वांग्याच्या फोडी, झिंगे, भरपूर चटणी, वर कोथिंबीर. ह्या झिंग्याला चटणी लागतेच. नदीच्या मातीचा वास असतो त्याला, तो चटणीनंच जातो. आणि डोकी काढायची नाहीत. डोक्यातच सगळी चव आहे, ते चोखून खायचं. तिकडचं शास्त्र इकडं आणायचं नाही हे आता माझ्या लक्षात आलं होतं.

फेब्रुवारीतही चांगलं गेलं. मार्चच्या फेरीत मात्र घोटाळा केला, तो माझाच. पिंजरे लावून आम्ही झोपलो आणि रात्री वरून पाणी आलं. धरणातनं आवर्तन सुटणार हे गावात चार दिवस आधीपासून माहीत होतं, मेव्हण्याचा पंपसुद्धा घरच्यांनी वर उचलून ठेवला होता. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला विचारलं नाही. पहाटे डोह फुगलेला, पाणी गढूळ, तीन डबे तरंगतायत, चौथा गायब. काहिलीतनं तासभर फिरलो. फिरलो म्हणजे खरंच, गोल गोल. मेव्हण्यानं गळ टाकून बघितला. काही लागलं नाही.

"हितं बारा फूट पाण्यात कोण हरवतंय," मी म्हटलं. तो वल्हं मारत राहिला.

मे महिन्यात फोन आला. कासारी पार तळाला गेली होती, डोहाचे दगड उघडे पडले होते, आणि म्हसरं धुवायला गेलेल्या पोरांना बंधाऱ्याच्या खांबापाशी, गाळात रुतलेला, माझा पिंजरा घावला. डब्यावरचा नंबर अर्धा गेला होता, नाव शिल्लक होतं. म्हटलं, आत काय होतं? मेव्हणा म्हणाला, "काय न्हाई. चार शिंपलं आन् गाळ. ती सुतळीची बाजू कुजून लोंबतीया, तिथनं सगळी गेली असतील."

पुढच्या रविवारी पिंजरा आणायला म्हणून गेलो. अंगणात तो पालथा घातलेला होता. वर दगड, आणि आत दहा-बारा पिल्लं चिवचिवत होती. सुतळीच्या जागी मेव्हण्याच्या बायकोनं जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती.

"दाजी, र्‍हाऊ दे की हितंच," ती म्हणाली. "मांजराचा लई तरास हाय."